विरजण कोणाच्या घरचं?

"मावशी, आपली विहीर सापडली!" भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. आवाजात असा काही आनंद होता की क्षणभर मला खरंच वाटलं, कोणीतरी गुहागरच्या वाडीत जाऊन बुजलेली विहीर उपसून काढली.

ते घर आता नाही. चार वर्षांपूर्वी उतरवलं. माझं माहेर आणि त्याचं आजोळ. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे शेणाने सारवलेलं खळं, मागे पोफळीच्या रांगा आणि त्यांच्या मधोमध विहीर. भाचा तेरा वर्षांचा आहे. घर उतरवलं तेव्हा नऊ वर्षांचा होता, म्हणजे त्याला ते आठवतं, पण तुकड्यातुकड्यांत. मुलं स्वतः जग रचतात आणि मित्रांना तिथे बोलावतात, असा एक ऑनलाइन खेळ तो खेळतो. गेल्या मे महिन्यात त्याने त्या खेळात आजोळ बांधायला घेतलं. मी पुण्यात, तो नाशिकला. रोज रात्री फोन. "मावशी, पडवी डावीकडे होती की उजवीकडे?" "न्हाणीघराला खिडकी होती?" मलाही सांगता सांगता आठवत जायचं.

सगळं हाताने बांधणं शक्य नव्हतं. त्या खेळात फुकट वस्तूंचा एक प्रचंड साठा आहे. झाडं, दारं, कंदील, बैलगाड्या, सगळं इतरांनी तयार करून ठेवलेलं. शोधायचं, उचलायचं, आपल्या जगात ठेवायचं. विहीर त्याला तिथेच मिळाली. वर लाकडी चाक, दोर, आणि बटण दाबलं की बादली खाली जाऊन पाणी घेऊन वर यायची.

तीन आठवडे ती विहीर नीट चालली. मग एका रविवारी त्याने वर्गातल्या सात-आठ मित्रांना आजोळ दाखवायला बोलावलं. मुलं खळ्यात जमली, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर काहीतरी विकत घ्या म्हणून खिडकी उघडली. ती बंद करेपर्यंत सगळी मुलं तिथून उचलली जाऊन भलत्याच कुणाच्या जगात जाऊन पडली. मित्रांना वाटलं ह्यानेच केलं. दोघांनी ते शाळेत सगळ्यांना सांगितलं. त्या रात्री त्याने फोनवर विचारलं ते अजून कानात आहे: "मावशी, मी काय चूक केली? मी तर फक्त विहीर ठेवली."

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ती विहीर उघडली. चाकाच्या आत दोर, दोराच्या आत बादली, आणि बादलीच्या आत एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने काय करायचं ते सांगणाऱ्या कोडच्या ओळी. नाव अगदी साधं, दोन भाग जोडून ठेवणाऱ्या सांध्याचं असावं तसं. उघडून पाहिली तर कोरी वाटली. खालची पट्टी उजवीकडे सरकवत नेली, नेली, नेली, आणि शेकडो रिकाम्या जागांच्या पलीकडे एक ओळ दिसली. ती ओळ काय करत होती? एक लांबलचक क्रमांक घेऊन, त्या क्रमांकावर जो कोड ठेवला असेल तो आणून चालवत होती. एवढंच. विहिरीत विष नव्हतंच. विहिरीत एक दार होतं, आणि त्याची किल्ली भलत्याच माणसाकडे होती. त्या क्रमांकावरचा कोड त्याला हवा तेव्हा बदलता येत होता. म्हणून तीन आठवडे काही झालं नाही.

विहीर काढून टाकली तरी काम संपलं नव्हतं. त्या स्क्रिप्टने स्वतःच्या प्रती माजघराच्या दारात, तुळशीवृंदावनात आणि दोन माडांमध्ये ठेवून दिल्या होत्या. अख्ख्या प्रकल्पात शोध लावला तेव्हा अकरा सापडल्या. शेवटी विहीर आणण्याआधीची जुनी आवृत्ती परत आणली आणि तीन आठवड्यांचं काम पुन्हा केलं. मुलगा रडला नाही. पण त्यानंतर पंधरा दिवस त्याने ते जग उघडलं नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आमच्या घरी विरजण संपलं की आई मला वाटी देऊन शेजारी धाडायची. शेजारी म्हणजे कुठेही नाही. एका घरचं दही फार आंबट यायचं, एका घरच्या दह्याला तार सुटायची. आई बजावून सांगायची, "खालच्या घरच्या काकूंकडूनच आण." विरजणाला कोणी पैसे घेत नाही. मागायला संकोच वाटू नये अशी ती वस्तू आहे. पण विरजण जिवंत असतं. एक चमचा आणलं तरी ते दुसऱ्या दिवशी सबंध पातेल्याचं होतं, तिसऱ्या दिवशीच्या विरजणाचं होतं, आणि काकूंच्या घरात जे असेल ते आपल्या घरात मुक्कामाला येतं. ह्या प्रकारानंतर ती वाटी मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

कारण फुकट मिळणाऱ्या वस्तूंमध्येही निर्जीव आणि जिवंत असा भेद आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही. पीएनजी फाइलमधलं चित्र, वेव्ह किंवा ऑग फाइलमधला आवाज, जीएलबी ह्या फाइलच्या साच्यातली त्रिमितीय वस्तू हे बहुतांशी निर्जीव. त्यात आकार आहे, रंग आहे, हालचालही असेल, पण स्वतःहून काही करण्याची आज्ञा नाही. याउलट जिच्यात स्क्रिप्ट आहे ती वस्तू जिवंत. ब्लेंडर ह्या त्रिमितीय वस्तू घडवायच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये पायथन भाषेतली स्क्रिप्ट असू शकते. म्हणूनच ब्लेंडर अशा स्क्रिप्ट आपोआप चालवायचं मुळातच बंद ठेवतं आणि तशी फाइल उघडली की विचारतं. ती सूचना पाहिली की कित्येक जण घाईत 'चालू दे' म्हणतात. मीही पूर्वी म्हणायचे. आता म्हणत नाही. परवानगी न देता फाइल उघडते, वस्तू पाहते, ती जीएलबीमध्ये काढून घेते आणि मूळ फाइल बाजूला ठेवते. खुर्चीला स्क्रिप्ट कशाला लागते?

युनिटी ह्या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरच्या पॅकेजमध्ये संपादकात, म्हणजे खेळ जिथे रचतात तिथे, चालणारा कोड असेल तर खेळ सुरू करायचीही वाट पाहावी लागत नाही; पॅकेज आत घेतल्याबरोबर तो कोड तुमच्या संगणकावर, तुमच्या अधिकाराने चालू शकतो. मी स्वतः गोडो वापरते, तेही खेळ बनवायचंच सॉफ्टवेअर. तिथल्या दृश्याच्या फाइलमध्ये, अगदी साध्या दिसणाऱ्या रिसोर्स फाइलमध्येसुद्धा, स्क्रिप्ट पोटात घालून ठेवता येते. एक सोय अशी की ह्या फाइली साध्या मजकुराच्या असू शकतात, म्हणजे टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येतात. मी वाचते. भाजी निवडतो तसं. वेळ लागतो, पण कंटाळा येत नाही; उलट दुसऱ्याने रहाट कसा फिरवला हे कळतं.

एवढं करूनही मी परकी वस्तू थेट माझ्या खेळात घेत नाही. वेगळा रिकामा प्रकल्प असतो, त्यात ती आधी राहते. आमच्याकडे नवीन गाय आणली की पहिले काही दिवस तिला गोठ्यात इतर गुरांजवळ बांधत नसत, तसं. गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, पाहिलं की वस्तू आल्यावर कोणकोणत्या फाइली नव्या आल्या, कोणत्या बदलल्या ते कळतं. माडाचं झाड आणल्यावर माडाच्याच फाइली वाढायला हव्यात. आणि झिपमध्ये ईएक्सई, म्हणजे उघडताच चालू लागणारी, फाइल असेल तर ती झिप सरळ काढून टाकावी. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, मुळात लपवून ठेवतं, त्यामुळे 'विहीर डॉट एफबीएक्स' असं त्रिमितीय वस्तूचं दिसणाऱ्या नावामागे काय आहे ते दिसतच नाही. ते शेपूट दाखवायची सोय एकदा चालू करून ठेवली की झालं.

भाच्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, तीही सांगते. विहिरीच्या प्रकारानंतर कोणीतरी त्याला 'व्हायरस काढणारं' एक फुकट प्लगइन, म्हणजे खेळ रचायच्या साधनाला जोडायची पुरवणी, सुचवलं. त्याने मला विचारलं म्हणून बरं. आम्ही ते उघडलं तर आत तशीच ओळ, फक्त क्रमांक दुसरा. घाबरलेल्या माणसाला औषध म्हणून तोच रोग देणाऱ्यांचा मला विहिरीवाल्यापेक्षा जास्त राग येतो.

मग ओळखीच्या घरून आणलं की झालं, असं वाटेल. मलाही वाटायचं, आईचा नियमच तो. पण जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या जगात जे झालं त्याने तो नियम अपुरा ठरवला. कर्सफोर्ज आणि बकिट ह्या खेळाच्या पुरवण्या वाटणाऱ्या दोन्ही संकेतस्थळांवर काही मॉड (खेळात बदल करणाऱ्या पुरवण्या) आणि प्लगइनमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा घातक कोड सापडला. ते चढवणारी काही खाती लोकांच्या विश्वासातली होती. ती दुसऱ्या कोणाच्या हाती गेली होती. तो कोड विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालायचा, ब्राउझरमधल्या कुकी आणि लॉगिनची माहिती चोरायचा, क्रिप्टोचा पत्ता कॉपी केला तर चिकटवताना तो बदलून टाकायचा, आणि संगणकावरच्या इतर जार फाइलींमध्ये, म्हणजे जावा भाषेतल्या प्रोग्रामांच्या गाठोड्यांमध्ये, शिरायचा. काकूंची वाटी, पण आत भलत्याच घरचं दही. मला ह्यात मोठी वाटली ती पुढची गोष्ट: तो कोड उलगडला, त्याची माहिती लिहून काढली आणि आपापल्या संगणकात तो आहे का हे शोधायची साधनं लगोलग फुकट वाटली, त्यात स्वतः मॉड बनवणारी, खेळणारी माणसं आघाडीवर होती. वाटून घेणाऱ्यांच्या वस्तीत चोर शिरला तेव्हा वस्तीच जागी झाली.

हे झालं संगणकाचं. दुसरी काळजी कागदाची आहे, आणि ती मी फार उशिरा शिकले.

आजोळ बंद पडल्यावर मी माझ्या हाताने एक छोटा खेळ करायला घेतला. तेच घर, पावसाळ्यातला एक दिवस, एक मुलगी विरजण आणायला निघते. एवढीच गोष्ट. आवाज, झाडं, भांडी मी फुकट साठ्यांतून गोळा करत गेले, आणि ती माझी चूक होती: 'फुकट' ह्या एकाच शब्दावर मी थांबले. चार महिन्यांनी यादी करायला बसले तर कोणती कळशी कुठून आणली हे मलाच सांगता येईना. एका पितळी समईच्या पानावर 'कुठेही वापरा' असं लिहिलं होतं. शोधत गेल्यावर कळलं की ती एका विकाऊ खेळातून काढून घेतलेली होती. चढवणाऱ्याने ती स्वतःची नसताना वाटली होती, आणि जे त्याचं नव्हतं ते तो मला देऊ कसा शकणार? आपलं काम इतरांना वापरू देण्यासाठी जे ठरीव परवाने असतात त्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यातही वस्तू आहे तशी दिली आहे, खात्री कसलीही नाही, असंच म्हटलेलं असतं. समई मी काढली. त्या समईच्या उजेडात बसवलेलं एक अख्खं दृश्य त्याबरोबर गेलं.

तेव्हापासून एक वही आहे. खरी कागदाची. वस्तूचं नाव, करणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना, उतरवून घेतल्याची तारीख, मी काय बदललं. पानाचं चित्रही काढून ठेवते, कारण क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, पण पान मात्र नाहीसं होऊ शकतं आणि मग पुरावा माझ्याकडेच लागतो.

परवान्यांची नावं पहिल्यांदा वाचताना सातबाऱ्यासारखी वाटतात, पण चार दिवसांत ओळखीची होतात. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स. सीसी झीरो म्हणजे देणाऱ्याने आपला हक्कच सोडला. खेळांसाठी वस्तू करून वाटणारा नेदरलँड्समधला केनी किंवा पॉली हेवन हे संकेतस्थळ ह्यांच्या वस्तू अशा असतात, नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी. सीसी बाय म्हणजे नाव घ्या आणि बदल केला असेल तर तसं सांगा. त्याला एनसी जोडलं की धंद्यासाठी नाही. एनडी जोडलं की बदललेलं रूप पुढे देता येत नाही, म्हणजे खेळाच्या जगात जवळजवळ निरुपयोगी. एसए जोडलं की तुमचं बदललेलं रूपही त्याच अटीवर वाटायचं. आवृत्तीचा आकडाही पाहावा. ३.० मध्ये अट मोडली की परवाना संपला. २०१३ साली आलेल्या ४.० मध्येही संपतो, पण चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर तो आपोआप परत लागू होतो. ह्या कलमात मला माणसांची समज दिसते.

आवाजासाठी मी फ्रीसाउंडवर जाते. बार्सिलोनातल्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ पासून चालवलेला हा साठा आहे. तिथे प्रत्येक आवाजाचा परवाना वेगळा असतो, त्यामुळे 'फ्रीसाउंडवरून घेतलं' एवढं लिहिणं पुरत नाही. मला कौलांवरचा पाऊस हवा होता. पत्र्यावरचा मिळाला, तंबूवरचा मिळाला, गाडीच्या टपावरचा मिळाला. डोळे मिटून एकेक ऐकत होते. कुठल्यातरी अनोळखी माणसाने रात्री उठून, खिडकीत मायक्रोफोन धरून ती सर टिपलेली असते. त्याचं नाव लिहायला मला अर्धा मिनिट लागतो. तो वाचवायचा कशासाठी?

अक्षरांची गोष्ट आणखी जवळची. आपल्याकडे पत्रिका छापणाऱ्यांच्या दुकानांतून पेनड्राइव्हवर फिरणारे मराठी फॉन्ट असतात. बरेचसे युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या पद्धतीचे, आणि मूळ मालक कोण हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. खेळात ते घालू नयेत. मुंबईच्या एकटाइप ह्या अक्षरकारांच्या गटाने केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट खुल्या फॉन्ट परवान्याखाली मिळतात. खेळात बांधून देता येतात, खेळ विकताही येतो. फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा. गोडोची चौथी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीची जोडाक्षरं नीट बसतात. 'तुळशीवृंदावन' पडद्यावर न मोडता उमटलं त्या दिवशी मी ते पाच मिनिटं नुसतं पाहत बसले होते.

वजनाचंही पाहावं लागतं. मला एक कळशी मिळाली होती, अप्रतिम, ठोक्यांच्या खुणांसकट. तिचं पोत, म्हणजे तिच्यावर गुंडाळलेलं चित्र, ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचं. असं एक चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) स्मृतीत ठेवलं तर ६४ एमबी होतं. १०२४ बाय १०२४ केलं तर ४ एमबी. माझी कळशी न्हाणीघराच्या कोपऱ्यात अर्ध्या अंधारात असते, तिला ४ पुरे. नाहीतर साध्या फोनवर खेळणाऱ्या मुलीच्या हातात फोन तापतो आणि पाऊस अडखळत पडतो.

पण खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं. फुकट साठ्यांतल्या विहिरी गोल असतात, राखाडी दगडाच्या, वर लाकडी फळ्यांचं छोटं उतरतं छप्पर. घराच्या खिडक्यांना बाहेर उघडणाऱ्या झडपा. झाडं ओक आणि पाइन. मी निवडत गेले, जोडत गेले, आणि एका संध्याकाळी आईला पडदा दाखवला. तिने बराच वेळ पाहिलं. "छान आहे गं," ती म्हणाली, "कुठलं आहे हे?"

सगळं सुरक्षित होतं. एकही स्क्रिप्ट नव्हती, परवाने चोख होते. पण ते आमचं नव्हतं.

मग मी चिरे स्वतः केले. जांभ्याचा फोटो काढायला गुहागरला जाऊन आले. कौलं केली. आमच्या विहिरीला छप्पर नव्हतं. कठडा चौकोनी, एका कोपऱ्यात दोराने घासून झालेली खाच. ती खाच करायला मला एक अख्खी रात्र लागली. बाकीचं जग उसनंच आहे: ढग, गवत, कुत्र्याचं भुंकणं, मुलीची चाल. ते उसनं असल्याची लाज वाटत नाही, कारण आता ते कोणाचं हे माहीत आहे. २०१२ साली क्रिएटिव्ह कॉमन्स, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि खेळांसाठीच्या चित्रांचा खुला साठा असलेलं ओपनगेमआर्ट ह्यांनी लिबरेटेड पिक्सेल कप नावाची स्पर्धा घेतली होती. तिथून सुरू झालेल्या चित्रांच्या संचात एकाच साच्यावर कोणी केस काढले, कोणी अंगरखे, कोणी जोडे. एक छोटी बाहुली सजवली तरी श्रेयाच्या यादीत नावांची रांग लागते. मला ती रांग वाचायला आवडते.

चिऱ्यांचं पोत आणि खाच असलेली ती विहीर मी सीसी झीरोखाली ठेवून दिली आहे. जीएलबीमध्ये, आत काही जिवंत न ठेवता. वाटी रिकामी परत करू नये असं आई म्हणायची. कधी त्यात दोन कोकमं घालायची, कधी चार सुपाऱ्या.

भाचा दिवाळीत आला होता. ते जग त्याने पुन्हा उघडलं आहे. माझी विहीर त्याने तिथे बसवली, चाक मात्र दुसरीकडून आणलं. मी स्वयंपाकघरात होते. तो लॅपटॉप घेऊन आला आणि ओट्यावर ठेवून म्हणाला, "मावशी, ह्यात एक स्क्रिप्ट आहे."

मी हात पुसले. तो म्हणाला, "तू नको बघूस. वाचली मी सगळी. उजवीकडेपर्यंत. नुसता रहाट फिरवतेय."